हा विचार माझा नव्हे

जेम्स टिली मॅथ्यूज हा लंडनचा चहाचा व्यापारी १७९७ पासून बेथलेमच्या वेड्यांच्या इस्पितळात होता. त्याचं म्हणणं असं, की लंडन वॉल भागात सात जणांची एक टोळी लपून बसली आहे, तिच्याकडे हवेवर चालणारा माग आहे आणि त्या यंत्रातून ती त्याच्या डोक्यात हवं ते घडवून आणते. यंत्राच्या एकेका करामतीला त्याने नाव दिलं होतं. त्यातली एक होती ‘पतंग उडवणं’. पोरं पतंग चढवतात तशी टोळी एखादी कल्पना त्याच्या डोक्यात चढवायची. मग ती तासन्‌तास तिथे तरंगत राहायची, दुसरं काही मनात आणायचा कितीही प्रयत्न केला तरी हलायची नाही. आणि या सगळ्या वेळात मॅथ्यूजला पक्कं ठाऊक असायचं, की ही कल्पना बाहेरची आहे, आपल्या विचारांच्या ओघातली नाही.

इस्पितळाचे औषधाधिकारी जॉन हॅस्लम यांनी १८१० मध्ये या एकट्या रुग्णावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याची कीव आली म्हणून नव्हे. नातेवाईक मॅथ्यूजला सोडवू पाहत होते, दोन डॉक्टरांनी तो शहाणा असल्याचा निर्वाळा दिला होता, आणि हॅस्लमना त्या दोघांना तोंडावर पाडायचं होतं. म्हणून त्यांनी रुग्णाचं बोलणं जसंच्या तसं, बारीकसारीक तपशिलांसह उतरवून काढलं. भांडणापोटी का होईना, एक मोलाचा दस्तऐवज झाला. या आजाराला स्किझोफ्रेनिया हे नाव मिळायला अजून शंभरेक वर्षं अवकाश होता. स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलर यांनी ते १९०८ मध्ये दिलं.

मागाच्या जागी पुढे रेडिओ आला, मग टीव्ही, उपग्रह, दातात बसवलेली चिप. आता वायफाय आणि मोबाइल. यंत्र बदलत गेलं, तक्रार बदलली नाही. जर्मन मनोविकारतज्ज्ञ कुर्ट श्नायडर यांनी १९३९ मध्ये अशा तक्रारींची एक यादी केली. आपल्याकडच्या ओपीडीत त्याच तक्रारी या शब्दांत कानावर येतात: ‘डोक्यात कुणीतरी टाकतंय.’ ‘बोलता बोलता डोकं एकदम रिकामं केलं त्यांनी.’ ‘मी मनात जे म्हणतो ते सगळ्यांना कळतं.’ ‘मी काय करतोय ते दोघं जण आपसात बोलत असतात.’ यातलं एकही लक्षण दिसलं तरी निदान जवळपास पक्कं, असं श्नायडर मानत. तसं नाही हे पुढे दिसलं, इतर मानसिक आजारांतही ती आढळतात, आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेने त्यांना दिलेलं खास वजन काढून टाकलं. पण आजारी माणसाला काय होतं हे समजून घ्यायचं, तर ती यादी अजूनही उपयोगाची आहे.

स्किझोफ्रेनिया म्हणजे आवाज ऐकू येणं, एवढं आता बऱ्याच जणांना माहीत आहे. ज्याला नुसता आवाज येतो त्याला निदान ‘मी इथे, आवाज तिथे’ असं म्हणता येतं. विचारच परका वाटू लागला, की उभं राहायला तेवढीही जागा उरत नाही. आणि ही गोष्ट घरच्यांना सांगायची कशी? ‘माझ्या डोक्यात येतंय ते माझं नाही’ या वाक्यावर आई म्हणणार, ‘अरे, मग कुणाचं?’

समजा, तिशीतला एक मुलगा सकाळी ठाण्याहून दादरला लोकलने निघालाय. आपले विचार बाहेर ऐकू जातात असं त्याला वाटतंय. समोरच्या काकांचा शर्ट बघून त्याच्या मनात येतं, ‘काय भडक रंग आहे.’ त्याच क्षणी काका खाकरतात आणि मांडीवरची बॅग सरकवतात. झालं, ऐकलं त्यांनी. तो ओशाळतो, मनातल्या मनात माफी मागतो, तेवढ्यात खिडकीजवळची बाई हसते. म्हणजे माफीही ऐकू गेली. मग तो डोक्यात एकोणतीसचा पाढा सुरू करतो, कारण पाढा ऐकला कुणी तरी काय बिघडलं! दादर येईपर्यंत तो घामाने निथळलेला असतो. बघणाऱ्याला काय दिसलं? एक गप्प बसलेला मुलगा. ऑफिसला पोचल्यावर त्याच्या हातून कामं उशिरा होतात आणि साहेब त्याला आळशी समजतात. पाढा ही त्याने स्वतः शोधलेली युक्ती आहे, आणि त्या दिवशी ती लागूही पडली. अशा युक्त्या बहुतेकांकडे असतात. त्यांच्याबद्दल विचारत मात्र कुणी नाही.

स्वतःचा विचार परका का वाटावा? याचं एक उत्तर मिळतं ते गुदगुल्यांत. आपण आपल्याला गुदगुल्या करू शकत नाही, कारण हात हलवायचा हुकूम सोडतानाच मेंदू स्वतःला बजावून ठेवतो की आता येणारा स्पर्श आपलाच आहे. मग त्या स्पर्शाची धार बोथट होते. सारा-जेन ब्लेकमोर, क्रिस फ्रिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना भास होत होते, किंवा आपल्याला दुसरं कुणीतरी हलवतंय असं वाटत होतं, अशा रुग्णांना स्वतःच्या हाताचा स्पर्श आणि प्रयोगकर्त्याचा स्पर्श सारखाच जाणवत होता. स्वतःच्या कृतीवर ‘ही माझी’ असा शिक्का मारण्याचं काम कुठेतरी ढिलं पडलेलं. विचार आणि मनातलं बोलणं यांच्याही बाबतीत असंच काही होत असावं, असं फ्रिथ यांचं म्हणणं. शिक्का न बसलेला विचार मग दारात आलेल्या अनोळखी माणसासारखा वाटतो, आणि ‘हा पाठवला कुणी?’ या प्रश्नाचं उत्तर माणूस आपल्या काळातून उचलतो. मॅथ्यूजच्या इंग्लंडात मागांचे कारखाने उभे राहत होते, म्हणून त्याला माग सापडला.

याला दुसरी एक जोड आहे. कशाकडे लक्ष द्यायचं आणि काय सोडून द्यायचं, हे ठरवण्यात डोपामिन या रसायनाचा मोठा वाटा असतो. त्याचा तोल गेला की क्षुल्लक गोष्टीही अर्थाने भरून येतात, अशी मांडणी शितिज कपूर यांनी २००३ मध्ये केली. खाकरणं, बॅग सरकवणं, खिडकीजवळचं हसू, सगळं आपल्यालाच उद्देशून. औषधं प्रामुख्याने डोपामिनवर काम करतात. त्यामुळे होतं असं, की संशयाची गोष्ट पुसली जात नाही, पण तिची धग उतरते. ‘अजून वाटतं तसं, पण त्याचं आता काही वाटत नाही’ असं रुग्ण सांगतात तेव्हा ते अगदी अचूक बोलत असतात.

गणितज्ञ जॉन नॅश १९५९ मध्ये इस्पितळात असताना हार्वर्डचे जॉर्ज मॅकी त्यांना भेटायला गेले. तर्काला वाहिलेल्या माणसाने परग्रहावरच्यांचे संदेश खरे मानलेच कसे, असं त्यांनी विचारलं. नॅश यांच्या उत्तराचा मथितार्थ असा, की त्या कल्पना मला गणितातल्या कल्पना सुचाव्यात तशाच सुचल्या, म्हणून मी त्या गंभीरपणे घेतल्या. ‘असं कसं खरं वाटतं तुला?’ असं विचारणाऱ्या प्रत्येक घरासाठी हे उत्तर आहे. खरं वाटण्याची जी यंत्रणा आपल्या सगळ्यांकडे असते, तीच इथे कामाला लागलेली असते. पुढे बऱ्याच वर्षांनी नॅश एकेक भ्रामक विचार ओळखून बाजूला सारायला शिकले आणि १९९४ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्यावरच्या २००१ च्या चित्रपटात ते नवी औषधं घेत असल्याचं सांगतात; प्रत्यक्षात १९७० नंतर त्यांनी औषधं घेतली नव्हती. हा तपशील इंटरनेटवर वाचून गोळ्या सोडणारे लोक असतात, म्हणून लगेच दुसरी बाजूही सांगायला हवी. डेल्बर्ट रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी पहिल्या झटक्यातून सावरलेल्या रुग्णांची पाच वर्षं पाहणी केली आणि १९९९ मध्ये निष्कर्ष मांडले. पाच वर्षांत सुमारे ८२ टक्क्यांना आजाराने पुन्हा गाठलं, आणि औषध बंद करणाऱ्यांमध्ये तो धोका जवळजवळ पाचपट होता. नॅश यांचं उदाहरण खरं आहे, पण त्यावर कुणी आपलं औषध ठरवू नये.

८२ टक्के हा आकडा घाबरवण्यासाठी दिलेला नाही. तो उघडपणे सांगितला जात नाही म्हणून दिला आहे. आपल्याकडे पहिला झटका ओसरला की घर सुटकेचा नि:श्वास टाकतं, झालं गेलं विसरायचं ठरतं, एखादी मावशी ‘आता लग्न करून द्या, जबाबदारी आली की सुधारेल’ म्हणून स्थळ आणते, आणि त्या मुलीला काहीच सांगितलं जात नाही. गोळ्या लपवून घ्यायच्या म्हणून चुकतात, जागरणं होतात आणि वर्ष-सहा महिन्यांत ‘परत सुरू झालं’. दोष सुनेच्या पायगुणाला.

डॉक्टर समजुतीसाठी सांगतात, मधुमेहासारखाच आजार समजा, गोळ्या चालू ठेवायच्या. ठीक आहे, पण रक्तातली साखर तुमच्याशी वाद घालत नाही. ‘तुला काही झालेलंच नाही, हेच लोक तुला विष देतायत’ असं ती कधी म्हणत नाही. या आजारात ज्या मनाने औषधाचा निर्णय घ्यायचा तेच मन आधी डळमळतं. म्हणून निर्णय घ्यायची वेळ लक्षणं उसळल्यावरची नसते, त्याच्या आधीची असते. हा ‘आधी’ बहुतेकांना मिळतो. मार्विन हर्झ आणि चार्ल्स मेलव्हिल यांनी १९८० मध्ये रुग्णांना आणि घरच्यांना विचारलं, की पुन्हा बिघडण्याआधी काही फरक जाणवला होता का. सुमारे ७० टक्के रुग्ण आणि ९० टक्क्यांहून जास्त घरं ‘हो’ म्हणाली. आणि हे फरक मुळीच चमत्कारिक नव्हते: झोप उडणं, भूक मरणं, जीव कावराबावरा होणं, वाचनात मन न लागणं, माणसं नकोशी होणं. पुढे ब्रिटनमध्ये मॅक्स बर्चवूड यांनी दाखवलं, की प्रत्येकाचा हा क्रम थोडा वेगळा असतो आणि त्याच माणसात पुन्हा बराचसा तसाच येतो. मला या आजाराबद्दल आशा वाटते ती इथे. तो परत येतो, पण बहुधा ओळखीच्या वाटेने येतो, आणि ती वाट ठाऊक असते ती ज्याला आजार आहे त्याला आणि त्याच्या घरच्यांना.

हा क्रम बऱ्या दिवसांत कागदावर उतरवून ठेवता येतो. नमुन्यादाखल एका तरुणीचा कागद कल्पून बघू. पहिली पायरी: सलग दोन रात्री दोननंतरही जाग. दुसरी: मैत्रिणींच्या ग्रुपवरचे जुने मेसेज पुन्हा पुन्हा वाचून त्यात टोमणे शोधणं. तिसरी: बातम्या देणारी बाई आपल्याकडे बघून बोलतेय असं वाटून टीव्ही बंद करणं. प्रत्येक पायरीपुढे काय करायचं तेही लिहिलेलं. पहिलीला: संध्याकाळनंतर चहा बंद, रात्रीचं काम बंद, गोळ्या मोजून बघणं. दुसरीला: फोन दादाकडे द्यायचा आणि त्याला विचारायचं, ‘दादा, हा मेसेज तुला कसा वाटतो?’ तिसरीला: दादाने डॉक्टरांना फोन करायचा, कारण तेव्हा मी स्वतः करणार नाही. आणि खाली एक ओळ: ‘आईने दर तासाला गोळी घेतलीस का विचारू नये. सकाळी एकदा विचारावं.’

ही शेवटची ओळ गमतीची वाटेल, पण तिच्यामागे मोठं संशोधन आहे. १९५० च्या दशकात लंडनला जॉर्ज ब्राउन यांच्या ध्यानात आलं, की इस्पितळातून सुटलेले जे रुग्ण आईवडिलांकडे किंवा नवरा-बायकोकडे परतले, त्यांच्यापेक्षा भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहिलेले जास्त टिकले. पुढच्या अभ्यासांनी त्याची उकल केली. सतत टीका, शत्रुत्वाचा सूर आणि जीव गुदमरवणारी काळजी असलेल्या घरांत आजार जास्त उलटतो. त्यातही रुग्ण आणि तो नातेवाईक आठवड्याला ३५ तासांहून जास्त समोरासमोर असतील तर अधिकच. चंदिगडला अशीच पाहणी झाली तेव्हा तशी घरं लंडनच्या मानाने बरीच कमी निघाली, आणि आजार उलटण्याशी धागा जुळला तो मुख्यतः शत्रुत्वाच्या सुराचा. हे वाचून एखाद्या आईने स्वतःला बोल लावू नये. घरामुळे आजार होतो असं यातून निघत नाही. वन रूम किचनमध्ये २४ तास एकमेकांच्या समोर बसलेल्या दोघांनाही श्वास घ्यायला जागा हवी, एवढंच निघतं. म्हणून सकाळी चार तास एखादं काम, दिवसाचं पुनर्वसन केंद्र, नाहीतर नुसती वाचनालयातली खुर्ची, यांची किंमत गोळीपेक्षा फार कमी नाही. आणि काळजीवाहू माणसालाही कुणीतरी लागतं. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी करणारे जगन्नाथ वाणी कॅनडात प्राध्यापक होते. पत्नीच्या आजारपणाने त्यांना या कामाकडे आणलं. या संस्थेच्या स्वमदत गटात रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. २००४ च्या ‘देवराई’ चित्रपटामागेही वाणींचा पुढाकार होता. त्यात अतुल कुलकर्णींचा शेष सगळ्यांच्या लक्षात राहतो. मला सोनाली कुलकर्णींनी केलेली बहीण जास्त महत्त्वाची वाटते, कारण भाऊ आणि संसार यांत तिची होणारी ओढाताण हे शुभंकरांचं रोजचं जगणं आहे.

आता उरलेल्या लक्षणांचं. साधारण एक-तृतीयांश रुग्णांना पहिल्या दोन औषधांनी पुरेसा गुण येत नाही. त्यांच्यासाठी क्लोझापिन आहे, आणि ते आपल्याकडे अनेकदा फार उशिरा सुरू होतं. कारण पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका असतो. म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. एक गोष्ट सहसा सांगायची राहून जाते. विडी-सिगारेटच्या धुरामुळे हे औषध शरीरातून लवकर निघून जातं. रुग्णाने धूम्रपान एकदम सोडलं तर तोच डोस जड होतो, सुस्ती वाढते. सोडणं चांगलंच, पण डॉक्टरांना सांगून.

एवढं करूनही काहींचे आवाज पूर्ण जात नाहीत. हे आवाज बऱ्याचदा स्वतःच्याच मनातल्या बोलण्याचे असतात याचे पुरावे मजेशीर आहेत. १९८७ मध्ये बिक आणि किन्सबोर्न यांनी १८ रुग्णांना आवाज येत असताना तोंड मोठ्ठं उघडून धरायला सांगितलं. १४ जणांचे आवाज थांबले. नंतरच्या तपासणीत हा परिणाम तितका ठाम राहिला नाही, पण गुणगुणण्याने फरक पडतो असं दिसलं. रुग्णांना हे आधीपासून माहीत होतंच. कुणी हेडफोन लावून गाणी ऐकतं, कुणी पेपर मोठ्याने वाचतं, कुणी मोबाइल कानाला लावून रस्त्यात आवाजालाच उत्तर देतं: ‘आत्ता नाही, सात वाजता बोलू.’ मोबाइल आल्यापासून असं बोलणाऱ्याकडे कुणी वळून बघत नाही, ही तंत्रज्ञानाची एक अनपेक्षित मेहेरबानी. नेदरलँड्सचे मनोविकारतज्ज्ञ मारियुस रोमे यांनी १९८७ मध्ये आवाज ऐकणाऱ्या एका रुग्णासह टीव्हीवर येऊन प्रेक्षकांना संपर्क साधायला सांगितलं. आवाज ऐकणाऱ्या ४५० जणांनी कळवलं, आणि त्यातले सुमारे १५० आपलं निभावून नेत होते. त्यातून आवाज ऐकणाऱ्यांचे परस्परसाहाय्य गट उभे राहिले. या चळवळीतले काही जण औषधांना जितकं कमी लेखतात तितकं मला पटत नाही. पण आवाज काय म्हणतो हे ऐकून घ्यावं, नुसता आहे-नाही असा शेरा मारू नये, हा त्यांचा आग्रह रास्त आहे. मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुरमन यांनी कॅलिफोर्निया, घानातलं आक्रा आणि चेन्नई इथल्या प्रत्येकी २० रुग्णांशी बोलून पाहिलं. अमेरिकेतल्यांचे आवाज बहुधा अनोळखी आणि हिंसक. चेन्नईतल्या अर्ध्याहून अधिक जणांना आवाज आपल्याच नात्यातल्या माणसांचे वाटत, आणि ते आंघोळ कर, स्वयंपाक कर असली कामं सांगत, रागावतही. मात्र जीव दे किंवा कुणाला मार असं आवाज सांगू लागला, तर ती युक्त्यांची वेळ नव्हे. तातडीने डॉक्टर गाठायचा. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं.

परत येणाऱ्या आजारासाठीच केल्यासारखी एक तरतूद २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात आहे, आणि ती फारच थोड्यांनी वापरली आहे. निर्णयक्षमता शाबूत असताना कोणत्याही सज्ञान व्यक्तीला लिहून ठेवता येतं, की मला मानसिक आजार झाला आणि माझं मला ठरवता येईनासं झालं, तर कोणते उपचार करावेत, कोणते करू नयेत आणि माझ्या वतीने कुणी बोलावं. वडीलच असले पाहिजेत असं नाही. मैत्रीण चालते, मामेभाऊ चालतो. हे आधीचं लेखी म्हणणं डॉक्टरांनी मानायचं असतं; पटत नसेल तर त्यांनी किंवा घरच्यांनी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करावा, परस्पर बाजूला सारू नये. कमाल ७२ तासांच्या तातडीच्या उपचारांना मात्र ते लागू होत नाही. त्या तरुणीच्या कागदावरच्या ‘तेव्हा मी स्वतः करणार नाही’ या ओळीला कायद्याचं बळ हवं असेल, तर ते इथे मिळतं. पुढच्या फॉलोअपला डॉक्टरांकडे जाताना फाइलसोबत हा विषयही न्यावा. बहुतेक ठिकाणी तो आपल्यालाच काढावा लागेल.